वाचक विचारतात: आज्जीसाठी खुर्ची

मागच्या अंकात देव्हाऱ्याबद्दल लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की घरच्या म्हाताऱ्या माणसासाठी कुणाला हातानं खुर्ची करायची असेल तर कळवा, बोलू. झालं, मेलबॉक्स भरला! त्यातली पाच पत्रं घेतोय, पहिल्याला जागा जास्त दिलीय कारण बाकीच्या अर्ध्या लोकांचं उत्तर त्यातच येऊन जातं. आणि परत एकदा सांगतो, मी मेस्त, म्हणजे सुतार, नव्हे. नोकरी सुटल्यावर गावच्या मेस्ताच्या शेडमधे चार वर्षं बसून, त्याच्या शिव्या खाऊन जे शिकलो तेवढंच.

काका नमस्कार. आमची आज्जी ८२ वर्षांची, उंची चार फूट अकरा इंच, दोन्ही गुडघे गेलेले. दिवसभर पडवीत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसते आणि उठताना हातांवर जोर दिला की खुर्ची मागे सरकते, दोनदा पडता पडता वाचली. गेल्या पावसात कुळागरातला फणस पडला, त्याच्या दीड इंची फळ्या कापून ठेवल्यात. त्यातून तिला हातानं आरामखुर्ची करून चवथीला (गणेशचतुर्थीला) द्यायची इच्छा आहे. करवत, रंधा, पटाशा, ड्रिल आहे. अनुभव म्हणाल तर दोन स्टुलं आणि एक चपलांचं कपाट. स्टँडर्ड माप काय घेऊ? (डिचोलीहून एक नातू)

स्टँडर्ड मापाचं आधी बोलू कारण मी तिथंच आपटलोय. माझी पहिली खुर्ची आईसाठी होती. जुन्या पाडलेल्या घराचा सागवान मिळाला होता, चौकटींचा, लोण्यासारखा कापला जायचा, म्हटलं आता काय करू नि काय नको. सीट अठरा इंच उंच, एकवीस इंच खोल, पाठ मस्त मागे कललेली, हातांच्या टोकाला कमळं कोरलेली. आई बसली, पाय जमिनीला टेकेनात, मागे रेलली तर उशीत रुतली, आणि दोन मिनिटांनी म्हणाली, "बरी आसा रे, पूण म्हाका उठयतलो कोण?" त्यानंतर पाच वर्षं त्या खुर्चीवर वाळलेले कपडे बसले आणि आई तिच्या त्या जुन्या बाकड्यावर.

तेव्हा डोक्यात शिरलं की म्हाताऱ्या माणसाची खुर्ची बसायसाठी करायचीच नसते, उठायसाठी करायची असते. बसायचं काय, माणूस जमिनीवरही बसतो, दगडावरही बसतो.

म्हणून पुस्तकातलं माप बाजूला ठेवा आणि आज्जीचंच माप घ्या. टेप लावण्याआधी ती उठते कशी ते नुसतं बघा, तिला न सांगता, चार-पाच वेळा. माणूस उठताना काय करतो, आधी सीटच्या कडेला सरकतो, मग टाचा मागे ओढून गुडघ्यांच्या मागे नेतो, मग पुढे वाकतो म्हणजे डोकं पायांच्या बोटांवर येतं, आणि मगच ढुंगण उचलतो. गुडघे दुखत असले की यातला अर्धा भार हातांवर टाकतो. या चार हालचालींपैकी कुठलीही खुर्चीनं अडवली की संपलं. तुमच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बहुतेक शेवटचा भाग बिघडतोय, खुर्ची दोन-अडीच किलोची, आज्जी हातांनी खाली आणि मागे ढकलते, मग खुर्ची सरकणारच, तिचा काय दोष.

आता उंची. आज्जीला घरात जशी वावरते तशीच, अनवाणी तर अनवाणी, भिंतीला टेकलेल्या बुटक्या बाकड्यावर बसवा. पाऊल पूर्ण टेकलेलं, आणि गुडघ्याच्या मागची घडी जमिनीपासून किती आहे ते मोजा. तिच्या उंचीच्या बाईचं हे साधारण पंधरा इंचांच्या आसपास येतं. आता बाकड्यावर पाट ठेवा, मग अर्ध्या इंचाच्या फळीचे तुकडे एकेक वाढवत जा (नीट बांधून हां, आणि दोन बाजूंना दोघं उभे राहा), आणि प्रत्येक वेळी तिला उठायला सांगा. एका उंचीला तुम्हालाच दिसेल, तिचा चेहरा बदलतो. पाऊल अजून पूर्ण टेकलेलं आहे आणि उठताना 'आई गं' निघत नाही, ती उंची. बहुतेक सोळा ते सतरा इंचांमधे येईल. त्याच्यावर गेलात तर टाच उचलली जाते, सीटची कड मांडीत रुतते, पाय बधिर होतात. आणि हे संध्याकाळी करा. सकाळी दुखणाऱ्या गुडघ्याची गोष्ट वेगळी आणि दिवसभर घरात फिरून दमलेल्या गुडघ्याची वेगळी, माप दमलेल्याचं घ्यायचं. अजून एक, ही उंची उशी दबल्यानंतरची आहे. चाळीस डेन्सिटीचा दोन इंची फोम टाकलात तर तो बसल्यावर थोडा दबतो, ते धरून लाकूड खाली ठेवा. मऊ गुबगुबीत फोम घेऊच नका, आपल्याला वाटतं आज्जीला आराम, प्रत्यक्षात ती चिखलातून उठल्यासारखी उठते.

खोली, म्हणजे सीट पुढून मागे किती. इथं सगळे चुकतात. पाठ टेकवून बसवल्यावर पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत मोजा आणि त्यातून तीन बोटं वजा करा. आज्जीसाठी हे पंधरा-साडेपंधरा इंच येईल. दुकानातल्या सोफ्याची सीट वीस-एकवीस इंच असते, म्हणूनच म्हातारी माणसं सोफ्यात एकतर घसरून अर्धी आडवी होतात नाहीतर कडेला पाहुण्यासारखी बसतात. सीटला मागे उतार द्या पण जेमतेम, पुढच्यापेक्षा मागे तीन-चार सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खाली, बस. पाठ उभ्या रेषेपासून दहा ते पंधरा अंश मागे. आरामखुर्ची या शब्दानं फसू नका, जितका आराम मागे तितकी चढण पुढे.

हात हा या खुर्चीचा जीव. कोपरात हात दुमडून बसल्यावर सीटपासून कोपर किती उंच ते मोजा, आठ-साडेआठ इंच निघेल, त्यात अर्धा इंच घाला म्हणजे ढकलायला जोर मिळतो. आणि हात सीटच्या पुढच्या कडेपर्यंत यायलाच हवेत, अर्धा-एक इंच पुढे आले तरी चालेल. पुष्कळ छान दिसणाऱ्या खुर्च्यांचे हात दिसायला बरं म्हणून मागेच थांबवलेले असतात, मग उठताना पुढे सरकलेल्या माणसाच्या हाताखाली हवा! टोक गोल करा, मूठ वळेल असं, दीड इंच जाडीचं. नक्षी नको. माझी कमळं आईच्या तळव्याला टोचायची, हे तिनं मला तिसऱ्या वर्षी सांगितलं.

यातूनच पुढचं निघतं. उठताना सगळा भार हाताच्या पुढच्या टोकावर येतो, म्हणून पुढचा पाय जमिनीपासून हातापर्यंत एकच अखंड लाकूड ठेवा. सीटपर्यंत पाय आणि वर वेगळा खांब स्क्रूनं जोडलेला असं करू नका. आणि पुढच्या दोन पायांमधे खाली आडवी पट्टी अजिबात नको, टाचा मागे जायला जागा लागते. मजबुतीसाठी दोन्ही बाजूंना खालून पट्ट्या आणि त्या दोघींना मधोमध जोडणारी एक, वरून पाहिलं तर इंग्रजी एच (H) सारखी. मागचे पाय खाली दोन-अडीच इंच मागे फाकवा, म्हणजे रेलल्यावर उलटत नाही. फणसाची ही खुर्ची दहा-बारा किलो भरेल, वर पायांना रबरी बूच, मग सरकायची भीती बरीच कमी. तरी मागे भिंत असू द्या.

मागच्या पायाबद्दल एक सावधगिरी. तो वाकडा असतो म्हणून रुंद फळीतून कापावा लागतो. फळीवर आधी पुठ्ठ्याचा साचा ठेवून फिरवून बघा, लाकडाचे रेषे पायाच्या लांबीनं जास्तीत जास्त वाहतील असं. बाकाशी रेषे आडवे गेले की तो पाय तिथंच मोडणार, आज नाही तर दोन वर्षांनी, आणि मोडणार तेव्हा खुर्चीत कुणीतरी असणार.

जोड कुसवाचा, म्हणजे पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ (कुसू) पायातल्या खाचेत बसवायची. स्क्रू-खिळ्यांवर ही खुर्ची उभी करू नका, रोज दहा-पंधरा वेळा झटका बसणार आहे. नियम साधा आहे, कुसवाची जाडी पट्टीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. एक इंच जाड पट्टी असेल तर तीन सूत. लांबी एक इंच, म्हणजे दीड इंची फळी रंधून पाय अकरा सुतांचा उरला तरी खाचेमागे लाकूड राहतं. खाच आधी मारा, मग कुसू तिच्या मापानं उतरवा, उलटं करू नका. कुसू हाताच्या दाबानं अडत अडत आत गेलं पाहिजे. हातोडीनं ठोकावं लागलं तर खाच फाटणार, नुसतं सोडल्यावर पडलं तर ते कुसू नव्हे. माझा मेस्त कुसू घालून पट्टी उचलायचा आणि पाय लटकत राहिला तरच मान हलवायचा. वर वाळलेल्या जुनवान बांबूची खुंटी मारा. पायातल्या भोकापेक्षा कुसवातलं भोक खांद्याच्या (कुसू जिथून सुरू होतं त्या) बाजूला दीडेक मिलिमीटर सरकवलं की खुंटी ठोकताना जोड आपोआप आत ओढला जातो. फेविकॉल घ्याल तो मरीनवाला घ्या, आपल्याकडची हवा पाण्याचीच आहे.

आता वाईट बातमी, चवथीची. फळ्या गेल्या पावसातल्या झाडाच्या. हवेवर वाळवायचा जुना अंदाज एका इंचाला एक वर्ष, तुमच्या दीड इंच. वर आपल्या गोव्यात जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्या चार महिन्यांत लाकूड वाळायचं सोडून ओल परत पिऊन घेतं. पावसात फुगलेल्या लाकडात तुम्ही खाच-कुसू अगदी घट्ट बसवलंत तरी मार्च-एप्रिलमधे लाकूड आकसणार आणि खुर्ची कुरकुरणार. उलट कोरड्या दिवसांत केलेली खुर्ची पावसात उलट आवळून बसते. म्हणून फळ्यांचा एक तुकडा घ्या, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर रविवारी तोला आणि भिंतीवर लिहून ठेवा. आकडा तीन-चार आठवडे हलेनासा झाला की फळ्या तयार. फळ्यांच्या मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचल्यात ना? नसतील तर हा लेख खाली ठेवा आणि आधी ते करा.

मग चवथीला काय द्यायचं? ट्रायल द्या. पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड नाहीतर जुनं प्लायवूड घ्या, स्क्रू मारून याच मापाची एक कुरूप पण भक्कम खुर्ची दोन दिवसांत करा आणि आज्जीला ती महिनाभर वापरू द्या. ती सांगेल, हात जरा खाली हवा, पाठ टोचते, वगैरे. नाही सांगितलं तर ती खुर्चीत नेमकी कुठं उशी खुपसते ते बघा, तिथं माप चुकलंय. कापून, फळी ठोकून दुरुस्त करा आणि ते झालं की त्यावरून खरी. वजनाचा आकडा थांबला असला तर हातकाम दिवाळीनंतर सुरू करा, शिगम्यापर्यंत आरामात होईल.

फणसाबद्दल मात्र निश्चिंत राहा. कापताना पिवळाधमक दिसतो, पुढं वर्षभरात तपकिरी सोन्यासारखा होतो. मृदंगाचं खोड फणसाचं करतात ते उगीच नाही. फक्त सालीजवळचा पांढरट भाग काढून टाका, किडा तिथंच लागतो, आतल्या पिवळ्या गाभ्याला सहसा नाही.

(दोघांनी विचारलंय की परसातला उभा फणस खुर्चीसाठी पाडू का. गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानं झाड तोडायला वनखात्याच्या ट्री ऑफिसरची परवानगी लागते, स्वतःच्या जागेतलं असलं तरी. आणि एका खुर्चीला किती लाकूड लागतं हो, पाडलेल्या घरांचं जुनं साग-माट्टी मिळतं, ते वाळून पन्नास वर्षं झालेली असतात, ते घ्या. खिळे मात्र चुंबक फिरवून आधी शोधा, रंध्याचं पातं वाचेल.)

आमच्या घरात आजोबांच्या वडिलांपासूनची वोल्तेर खुर्ची आहे, वेताची सीट, लांब हात. बाबांना (७८) तीच हवी असते पण एकदा बसले की दोघांनी ओढून काढावं लागतं. पाय वाढवून घेऊ का, की हात कापून लहान करू? (फोंडा)

कापू नका! करवत खाली ठेवा आधी. वोल्तेर ही मुळात बसायची खुर्चीच नव्हे, लवंडायची आहे. जेवण झालं, बाल्कांवात (दारापुढच्या पडवीत) येऊन लवंडलं, पाय उचलून त्या लांब हातांवर टाकले आणि डोळे मिटले, यासाठी ती आहे. सीट खोल, मागे उतरती, आणि हात एवढे पुढे गेलेले की त्यांच्या टोकावर जोर द्यायला माणूस पोचतच नाही. म्हणजे उठायच्या दृष्टीनं सगळ्या गोष्टी उलट. पाय वाढवले तर उतार तसाच राहतो, फक्त बाबा जास्त उंचीवर अडकतात.

दुपारची झोप तिच्यात होऊ द्या, घरात कुणी असताना. दिवसभरासाठी वेगळी खुर्ची, वरच्या मापांनी. एक गोष्ट मात्र बघा, वेत किती लोंबलाय. जुना वेत मधे दोन-तीन इंच खाली गेलेला असतो आणि खड्ड्यातून उठणं अजून कठीण. वेत विणणारे कारागीर अजून आहेत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विचारलंत तर कुणीतरी पत्ता देईल. विणून घ्या. लाकडाला हात लावू नका, परत अशी शिसवी बघायला मिळणार नाही.

खुर्ची तयार आहे, पॉलिशवर अडलोय. एक जण म्हणतो लाखेचं, एक म्हणतो अळशीचं तेल, आमचे काका म्हणतात होड्यांना लावतात ते काजूबियांच्या टरफलांचं तेल लाव, शंभर वर्षं किडा येणार नाही. (पेडणे)

काकांचं अर्धं खरं. टरफलांच्या तेलानं होडीचं लाकूड टिकतं, पण होडीवर कुणी उघडा दंड टेकवून चार तास बसत नाही. काजू फोडणाऱ्या बायांचे हात आठवा, ते तेल कातडी भाजतं. खुर्चीला बिलकुल नको.

लाखेच्या पॉलिशसारखी झळाळी दुसऱ्या कशाला नाही, मान्य, पण गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ, आणि म्हातारं माणूस कप हातावरच ठेवणार. अळशीचं तेल हाताला फार सुंदर लागतं पण आपल्या जुलैमधे त्यावर बुरशी येते, मी ती पुसलीय, दर आठ दिवसांनी. आणि तेल लावलेलं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आतल्या आत तापून आपोआप पेट घेतं. उन्हात पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून मग टाका. हे गंमत म्हणून सांगत नाही.

मी काय करतो, मॅट पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) पातळ करून फडक्यानं तीन हात, मधे तीनशेवीसचा पॉलिश पेपर, कोरड्या दिवशी. चकचकीत नको, नायलॉनची साडी घसरते. किड्याची भीती असेल तर पॉलिशच्या आधी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी मारून नीट वाळू द्या. आणि एक जागा सगळे विसरतात, पायांचे तळवे! रोज लादी पुसली जाते, ते पाणी पायाच्या खालच्या टोकानं स्ट्रॉसारखं वर ओढलं जातं. खुर्ची उलटी करून तळव्यांना पॉलिश पिईल तेवढं पाजा, मग रबर लावा.

मेस्ताकडून करून घेतलेली खुर्ची चार महिन्यांत डुगडुगायला लागली. मेस्त म्हणतो तुमची लादी वाकडी. लादी खरंच जुनी आहे. कुणाचं खरं? (मडगाव)

खुर्ची उचला, जागेवरच पाव फेरा (काटकोनात) फिरवा आणि परत ठेवा. जो पाय आधी अधांतरी होता तोच आताही अधांतरी असेल तर चूक खुर्चीची. पाय तोच नाही पण लादीवरची जागा तीच, तर मेस्त बरोबर, त्याची माफी मागा आणि खुर्ची दीड फूट सरकवा.

पण 'डुगडुगते' म्हणजे नेमकं काय हेही बघा. दोन्ही हात धरून आडवी हलवा. जोडात हालचाल दिसली, चिकटवलेल्या जागी काळी रेघ उघडझाप करताना दिसली, तर प्रश्न कुसवाचा आहे, बहुतेक ओलं लाकूड वापरलं. मग तो जोड पूर्ण उघडावा लागतो. जुना गोंद खरवडून काढायचा कारण पांढरा गोंद जुन्या गोंदाला धरत नाही, कुसवाला रंध्याच्या पातळ सालपटाचा थर चिकटवून ते जाड करायचं, आणि परत बसवायचं. वरून खिळा नाहीतर लोखंडी कोन मारून देतो म्हणाला तर नको म्हणा, खिळ्यानं महिनाभर बरं वाटतं आणि मग पाय फाटतो. आणि घरात कुणी म्हातारं माणूस ती वापरत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत आजच ती बाजूला करून ठेवा.

याच पत्रात दुसऱ्या ओळीत विचारलंय की आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, तिला हीच मापं चालतील का. नाही. अशा ऑपरेशननंतर पुष्कळ पेशंटना खुबा नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकवू नका असं सांगतात, म्हणजे सीट गुडघ्यांपेक्षा वर हवी आणि पुढे वाकून उठणंही चालत नाही. तिच्या फिजिओथेरपिस्टकडून इंचात आकडा लिहून घ्या आणि मग लाकूड कापा, माझ्या अंदाजावर जाऊ नका.

माझं वय ७९. मुलगा बँकेतून रिटायर झाला आणि तुमचं सदर वाचून माझ्यासाठी खुर्ची करायला बसला. सहा महिने झाले, पडवीत भुसाच भुसा. मला दारातला सोपो (बांधलेली दगडी बैठक) बरा वाटतो, येणारी-जाणारी माणसं दिसतात, खांबाला धरून उठता येतं. खुर्ची नको हे त्याला कसं सांगू? वाईट वाटेल त्याला. (साखळी)

बाय, तुम्ही मला माझ्याच सदरात पकडलंत.

खांबाला धरून उठता येतं, हे तुम्ही जे लिहिलंय ना, त्यात सगळं आलं. तुम्हाला जागा मिळालेली आहे, उंची जमलेली आहे, हाताला आधार आहे. सोपो दगड-चुन्याचा, तो सरकत नाही, डुगडुगत नाही, त्याचे कुसू सुटत नाहीत. लाकडाची कुठलीही खुर्ची याच्यापुढे दुसरा नंबर.

मुलाला खुर्ची नको म्हणू नका, दुसरं काम द्या. खांब तुमच्या एका बाजूला असणार, दुसरा हात रिकामाच. त्या बाजूच्या भिंतीला एक लाकडी दांडा बसवून मागा. जाडी सव्वा ते दीड इंच, गोल, भिंतीपासून दीड-पावणेदोन इंच सुटा म्हणजे बोटं मागून वळतील पण कोपर अडकणार नाही. उंची तुम्ही बसून कोपर वाकवाल तिथपासून सुरू करून पुढे वर चढती, तिरकी, म्हणजे उठताना हात दांड्यावर सरकत वर जातो. भिंत मातीची किंवा चिऱ्याची जुनी असेल तर नुसते प्लग धरणार नाहीत, आधी भिंतीला जाड फळी लांब बोल्टांनी पक्की करून त्यावर दांडा. लावून झाला की त्यानं स्वतः त्याला लोंबकळून बघायचं, तुम्ही नाही. सोप्यावर थंडीच्या दिवसांत बसायला एक इंचाची काथ्याची गादी पण करून घ्या, चिरा फार गार लागतो.

दांडा त्याच खुर्चीच्या उरलेल्या लाकडातून होईल, रंध्यानं आठ पैलू पाडून मग गोल करायचा. एका रविवारचं काम आहे. खुर्ची पूर्ण व्हायला त्याला अजून सहा महिने लागणार असं तुमच्या पत्रावरून दिसतंय, तर तोवर पडवी झाडून घेण्याची अट घाला.